आसाच्या टोकाची खीळ

कावेरी आणि कपिला यांच्या संगमावरच्या तिरुमकूडलु नरसीपूरला, म्हणजे आजच्या टी. नरसीपूरला, रेल्वे कधी आलीच नाही. म्हैसूरहून दक्षिणेकडे निघालेले रूळ नंजनगूडवरून चामराजनगरला गेले आणि हा तालुका बाजूला राहिला. भाताचे पीक, ऊस, बन्नूरच्या प्रसिद्ध मेंढ्या, सोमनाथपूरचे देऊळ पाहायला येणारे लोक, तळकाडच्या पंचलिंग दर्शनाचे यात्रेकरू, १९८९पासून संगमावर भरू लागलेल्या कुंभमेळ्याची गर्दी, असे सगळे ओझे इथे रस्त्याच्या चाकावरच आले. आधी ते बैलगाडीच्या चाकावर होते, नंतर बसच्या, मग टेम्पो आणि व्हॅनच्या. म्हणून चाक आसावर टिकते कशाने, हा प्रश्न कारागिराच्या इतिहासातला असला तरी या गावाच्या इतिहासातही त्याला जागा आहे. त्याचे नेहमीचे उत्तर असे सांगितले जाते: पूर्वी आसाच्या टोकाला एक साधी खीळ असे, ती गेली आणि तिच्या जागी आट्यांचा नट आला, चाक पक्के झाले. माझ्या मते हे उत्तर अर्धेच खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्या चुकीची किंमत जुन्या व्हॅनची मागची चाके आजही मोजत आहेत. नट खिळीच्या जागी आला खरा, पण खिळीचे काम त्याच्याकडे गेले नाही. ते काम नटाच्या खाचांतून आरपार जाणाऱ्या दोन पायांच्या बारीक तारेकडे गेले, जिला आपले मेकॅनिक स्प्लिट पिन म्हणतात. आणि खिळीभोवती गाडीवानांनी पिढ्यान्‌पिढ्या जी पाहण्याची रीत जपली होती, ती या तारेपर्यंत पोचलीच नाही.

हे नीट कळायला चाकांची दोन कुळे वेगळी ओळखावी लागतात. एका कुळात चाक आणि आस एकमेकांना जखडलेले असतात आणि दोघे मिळून फिरतात. दुसऱ्या कुळात आस स्थिर असतो आणि चाक त्याच्या टोकावर मोकळे फिरते. आपल्याकडची गाडी यांतल्या कोणत्या कुळातली हे सांगण्याआधी ती आली कशी ते पाहू. दख्खनमध्ये भरीव चाकांची परंपरा फार जुनी. दायमाबादला १९७४ मध्ये सापडलेल्या ब्राँझच्या रथाची चाके आऱ्यांची नाहीत, भरीव आहेत. इंग्रजी अमलाच्या सुरुवातीपर्यंत महाराष्ट्रात मालाची ने-आण मुख्यतः वंजारी-लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून होत असे. गाड्या थोड्या, त्याही बसक्या, जड, भरीव चाकांच्या आणि महाग. १८३० च्या दशकात लेफ्टनंट गेसफर्ड नावाच्या अधिकाऱ्याने सोलापूर जिल्ह्यातल्या टेंभुर्णीला हलक्या, सुधारलेल्या गाड्यांचा कारखाना काढला आणि तिथल्या नमुन्याची गाडी आसपासच्या सुतार-लोहारांनी उचलली. दख्खनच्या शेतकऱ्याच्या दारात आऱ्यांच्या चाकाची हलकी गाडी उभी राहिली ती या वळणानंतर. म्हैसूरच्या मुलखात गाडीला आणि बैलाला राज्याचा आधार आधीपासून होता. वडियारांच्या काळी उभा राहिलेला आणि टिपूने ‘अमृतमहाल’ असे नाव दिलेला पशुविभाग तोफा ओढणाऱ्या बैलांसाठीच प्रसिद्ध होता. मे १७९१ मध्ये टिपूवर चालून आलेल्या इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसला श्रीरंगपट्टणच्या वेशीवरून परतताना स्वतःच्या वेढ्याच्या तोफा फोडून टाकाव्या लागल्या, कारण त्या ओढायला जनावरेच उरली नव्हती. परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके यांचे मराठी सैन्य त्याला येऊन मिळाले ते त्यानंतर. त्या मोहिमेतली अरकेरेची लढाई टी. नरसीपूरहून फार लांब नव्हती.

आऱ्यांच्या गाडीचे चाक दुसऱ्या कुळातले. बाभळीचा तुंबा, त्यात ठोकलेले आरे, वर पुठ्ठे आणि सगळ्यांना आवळून धरणारी लोखंडी धाव. धाव मुद्दाम किंचित लहान घडवतात, गोवऱ्यांच्या आगीत लाल करून चाकावर चढवतात आणि पाणी ओतून आकसवतात. या चाकात जे काही घट्ट आहे ते सगळे चाकाच्या आतले आहे. चाक आणि आस यांच्यात मात्र काहीच घट्ट नाही, आणि असूही नये. तुंबा आसावर मोकळा फिरतो, आडवाही थोडा सरकतो. तो बाहेर पडू नये एवढ्यासाठी आसाच्या टोकाला आरपार भोक, आणि त्यात वरून घातलेली लोखंडी खीळ. पुष्कळ गावांत तिला ‘कुणी’ म्हणतात. ही खीळ चाकाला आवळत नाही, दाबत नाही. ती केवळ हद्द घालते. चाकाला इथपर्यंत मोकळीक, यापुढे नाही.

एवढ्याशा वस्तूला भाषांनी किती मान दिला आहे ते पाहण्यासारखे आहे. ऋग्वेदात रथाच्या या खिळीला ‘आणि’ म्हटले आहे. मराठीतले उभयान्वयी ‘आणि’ वेगळ्या मुळाचे, पण कन्नडमध्ये आणि तमिळमध्ये तो जुना शब्द खिळ्याच्या अर्थाने जिवंत आहे, आणि गाडीच्या खिळीला कन्नडमध्ये ‘कडाणी’ किंवा ‘कडेगीलु’ म्हणतात, म्हणजे अगदी कडेची खीळ. कन्नड वचनकार जेडर दासिमय्याने एका वचनात माणसाचा देह ही बंडी, म्हणजे गाडी, मानली आणि शरणांच्या, म्हणजे शिवभक्तांच्या, बोलांना तिच्या कडेगीलुची जागा दिली. आधाराची उपमा शोधताना त्याला चाक सुचले नाही, आसही सुचला नाही, सुचली ती खीळ. कैकेयीच्या वरांची कथाही अशीच. वाल्मीकी रामायणात ती घायाळ दशरथाला रणातून दूर नेऊन वाचवते. अध्यात्म रामायणात मात्र रथाच्या आसाची खीळ निखळते आणि त्या भोकात हात घालून कैकेयी रथ सावरते. आपल्याकडे घरोघरी सांगितली जाते ती हीच दुसरी कथा, हाताच्या जागी बोट घेऊन. ज्या समाजात ही कथा सांगितली आणि ऐकली जात होती त्या समाजाला खीळ निघाली की काय होते हे वेगळे समजावून द्यावे लागत नव्हते. मराठीने पुढे याच शब्दाचे थोडे वाईट केले. ‘कामाला खीळ बसली’ म्हणताना आपण तिला अडथळा समजतो. गाडीवानाला विचारले असते तर त्याने सांगितले असते की खीळ जे अडवते ते फक्त चाकाचे निखळणे.

शब्दांवरून इतिहास सिद्ध होत नाही, असे कोणी म्हणेल, आणि ते बरोबर आहे. म्हणून शब्द बाजूला ठेवून काम कसे चालत होते ते पाहू. लाकडी तुंबा लोखंडी किंवा लाकडी आसावर फिरतो, तेव्हा वंगण नसेल तर तो करकरतो, तापतो, झिजतो. वंगणासाठी एरंडेलासारखे तेल आणि काजळी किंवा राख यांचे मिश्रण गाडीखाली नळ्यात भरून टांगलेले असे. ‘गाड्याबरोबर नळ्याची यात्रा’ ही म्हण त्यावरूनच आली. म्हणीत नळा फुकटचा प्रवासी ठरला आहे, पण यात्रा पुरी होत होती ती त्याच्यामुळे. आता हे वंगण घालायचे कसे? गाडीला टेकू द्यायचा, खीळ उपसायची, चाक आसावरून बाहेर ओढायचे, आस माखायचा, चाक परत ढकलायचे आणि खीळ पुन्हा ठोकायची. खिळीला हात लावल्याशिवाय वंगण घालताच येत नसे. कन्नडमध्ये गाडीच्या वंगणाला ‘कीलेण्णे’ म्हणतात, म्हणजे खिळीचे तेल. तेल लागते आसाला, नाव मात्र खिळीचे, कारण तेलाकडे जाणारी वाट खिळीतून होती. माझ्या म्हणण्याचा हा सर्वात भक्कम पुरावा आहे. बैलगाडीच्या रचनेनेच वंगण आणि तपासणी ही दोन कामे एकात बांधली होती. गाडीवान विशेष सावध स्वभावाचा असण्याची गरज नव्हती. चाक करकरले की त्याला खीळ काढावीच लागे, आणि हातात आलेली खीळ वाकली आहे, झिजली आहे की भोकात ढिली बसते आहे, हे डोळ्यांना दिसल्यावाचून राहत नसे.

नट आला तो वेगळ्या जगातून. आटे पाडण्याचे यंत्र अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये मॉड्स्लेच्या हाताखाली पक्के झाले आणि १८४१ मध्ये व्हिटवर्थने आट्यांचे प्रमाण ठरवून दिले, तेव्हा कुठे एका कारखान्याचा नट दुसऱ्या कारखान्याच्या बोल्टला बसू लागला. आपल्याकडे पाना हातात धरायला पहिल्यांदा शिकवले ते बहुधा सायकलने. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात १८८८ मध्ये बेळगावच्या सायकलच्या दुकानापासून झाली, ही गोष्ट त्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढे १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत विलिज जीप आणली, १९५८ मध्ये फिरोदियांच्या बजाज टेम्पोने तीनचाकी ‘टेम्पो’ रस्त्यावर उतरवला आणि १९६९ मध्ये मॅटाडोर आली. पुण्याजवळ आकुर्डीत तयार झालेल्या या दोन गाड्यांची नावे मराठीत आणि कन्नडमध्ये सामान्यनामे होऊन बसली. कोणतीही मालवाहू गाडी टेम्पो, कोणतीही चौकोनी व्हॅन मॅटाडोर. १९८४ मध्ये मारुतीची व्हॅन आली आणि गावोगावच्या वाहतुकीचे चित्र पुन्हा बदलले. म्हैसूर–टी. नरसीपूर–कोळ्ळेगाल या रस्त्यावर, म्हणजे आजच्या राष्ट्रीय महामार्ग ७६६ वर, बैलगाडीचे ओझे या व्हॅनने खांद्यावर घेतले.

मात्र या गाड्यांत चाकांची ती दोन्ही कुळे नव्या रूपात परत आली होती, आणि इथेच गोंधळाला सुरुवात होते. मॅटाडोरची ताकद पुढच्या चाकांना. तिचे मागचे चाक आसाच्या खुंट्यावर बेअरिंगांवर मोकळे फिरणारे, म्हणजे थेट बैलगाडीच्या कुळातले. ज्या गाड्यांत इंजिनाची ताकद मागे जाते आणि ड्रम आसाच्या निमुळत्या टोकावर चावीने, म्हणजे पोलादी पाचरीने, जखडलेला असतो, त्यांचे मागचे चाक आसासह फिरते. ते जखडलेल्या चाकांचे कूळ. दोन्हीकडे टोकाला नट तोच दिसतो: वर किल्ल्याच्या तटासारख्या खाचा आणि आडवी पिन. काम मात्र उलट. मोकळ्या चाकात नट बेअरिंगची चाल ठरवतो. चाक फिरवत फिरवत तो आवळायचा, मग किंचित मागे घ्यायचा, खाच भोकासमोर येईल तिथे थांबायचे. जखडलेल्या चाकात तो ड्रमला निमुळत्या टोकावर दाबून धरतो, म्हणून गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात सांगितलेल्या कसाने, म्हणजे टॉर्कने, आवळायचा, आणि खाच जुळत नसेल तर नट मागे घ्यायचा नाही, पुढच्या खाचेपर्यंत आणखी आवळायचा. मोकळ्या चाकावर जखडलेल्याचा नियम लावला तर बेअरिंग तापून जळते. जखडलेल्यावर मोकळ्याचा लावला तर ड्रम हलू लागतो, चावी कातरते आणि आसाचे टोक खाल्ले जाते. आकडा पाहा म्हणजे मामला किती नाजूक ते कळेल. दोन आट्यांमधले अंतर दीड मिलिमीटर असेल आणि नटाला सहा खाचा असतील, तर एक खाच म्हणजे पाव मिलिमीटर. बैलगाडीत चाक आडवे बोटभर सरकले तरी ते चालण्याचाच भाग होते. इथे पाव मिलिमीटरवर बेअरिंगचे आयुष्य ठरते.

मग एवढ्या नेमक्या नटाला वर पिन कशाला? नट घट्ट आवळला की काम संपले असे असते, तर हे यंत्र घडवणाऱ्यांनी नटाला खाचा पाडून, महागड्या पोलादी आसाला आडवे भोक पाडून तो कमकुवत केला नसता. त्यांनी ते केले, कारण फिरणारे चाक घर्षणाने नटाला आपल्याबरोबर ओढत असते आणि तो हळूहळू सुटू पाहतो, हे त्यांना ठाऊक होते. बेअरिंग आणि नट यांच्यामध्ये जीभ असलेला वायसर असतो. ती जीभ आसाच्या खाचेत अडकते, म्हणजे बेअरिंग सरकले तरी त्याची ओढ नटापर्यंत जाऊ नये. विलिज जीपच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे ठेवले होते तेही याच भीतीपोटी. या तिन्ही योजना एकच कबुली देतात: घट्टपणा टिकत नाही, म्हणून त्याच्यावर राखणदार बसवा. हा राखणदार कोणालाही आवळत नाही, फक्त हद्द घालतो. नटाने इथपर्यंत यावे, यापुढे फिरू नये. बैलगाडीच्या खिळीने चाकाला जे सांगितले तेच पिन नटाला सांगते, आणि आसाला आडवे भोक पाडून त्यात बसते तीही तशीच. वारसा कोणाचा कोणाकडे गेला याबद्दल मला तरी शंका उरत नाही.

या समजुतीचा व्यवहारात काय उपयोग, तोही सांगायला हवा. जुन्या व्हॅनचे मागचे चाक वळणावर टकटक करते, ब्रेक मारला की आवाज बदलतो, जॅकवर चढवून चाक वर-खाली धरून हलवले तर हाताला चाल जाणवते. टोपण काढले तर नट हाताने फिरतो. अशा वेळी लांब दांड्याचा पाना घेऊन नट करकचून आवळायचा, जुनीच पिन सरळ करून परत घालायची आणि गाडी सोडायची, ही सर्रास चालणारी दुरुस्ती. ती टिकत नाही, कारण सुटलेला नट हे बहुतेक वेळा लक्षण असते. नट सुटला तर पिन कुठे होती, हा पहिला प्रश्न. ती तुटलेली असेल, तिचे पाय नीट दुमडलेले नसतील, किंवा ती कधी घातलीच नसेल. दुसरा प्रश्न, नट ढिला असताना चाक किती दिवस फिरले. तेवढ्या दिवसांत निमुळते टोक घासले गेले असेल, चावीच्या घरात चाल पडली असेल, आटे मार खाऊन गेले असतील, तेलाची सील फाटून ब्रेकच्या लायनिंगवर तेल उतरले असेल. म्हणून ड्रम उतरवून टोक, चावी, आटे, बेअरिंग आणि सील पाहिल्याशिवाय नट पुन्हा चढवू नये. टोक खाल्ले गेले असेल तर कितीही आवळले तरी ड्रम बसत नाही, आस बदलावाच लागतो. सगळे ठीक असेल तर त्या त्या कुळाच्या नियमाने नट बसवावा आणि भोकाच्या मापाची नवी पिन घालावी. एकदा दुमडलेली आणि सरळ केलेली तार वाकल्या जागी थकलेली असते. दुसऱ्यांदा ती वाकते, पण धरत नाही.

यावर पहिला गंभीर आक्षेप मेकॅनिकच घेतील. जखडलेल्या चाकात ड्रमची सगळी ताकद निमुळत्या टोकाच्या दाबावर चालते. नट ढिला राहिला तर पिन कितीही नवी असली तरी ती ड्रमला धरू शकत नाही, उलट चावीबरोबर तीही कातरून जाते. हे पूर्ण खरे आहे आणि मी ते मान्य करतो. नटाकडे असे काम आहे जे खिळीकडे कधीच नव्हते, आणि कसाशिवाय पिन व्यर्थ आहे. पण कस मोजला जातो तो दुरुस्तीच्या त्या घटकेला. नंतरचे महिने, खड्डे, ओझे आणि ऊन-पाऊस यांच्याशी सामना करायला तो एकटा पुरत नाही. म्हैसूर ते टी. नरसीपूर हे तीसेक किलोमीटर अंतर. दोन मीटर घेराचे चाक एका फेरीत पंधरा हजार वेळा फिरते. मोठ्या घेराचे बैलगाडीचे चाक तेवढ्याच वाटेवर त्याच्या निम्म्याहूनही कमी फिरत असे आणि गाडी दिवसाला अशा चार फेऱ्या करत नसे. फिरणे वाढले तसा राखणदाराचा मान वाढायला हवा होता. झाले उलटे.

दुसरा आक्षेप नव्या गाड्यांचा. आता कित्येक गाड्यांत पिन नसतेच. नटाची कॉलर आसाच्या खाचेत ठोकून बसवतात किंवा नटाच्या आत नायलॉनचे कडे असते. मग खिळीचा वंश संपला असे का म्हणू नये? कारण खाचेत ठोकलेली कॉलर ही नटाच्याच अंगातून काढलेली खीळ आहे. पिन वेगळी राहिली नाही, पण तिचे काम तसेच राहिले, आणि असा नट एकदा काढला की टाकून द्यायचा असतो हा नियमही पिनेकडूनच आला. नायलॉनचे कडेही पुन्हा पुन्हा वापरले की पकड सोडते. जुने परत घालू नये, हा नियम सगळीकडे तोच. शिवाय हा लेख जुन्या व्हॅनबद्दल आहे, आणि जुन्या व्हॅनला पिन आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वात मोलाचा वाटतो. बैलगाडीच्या काळाचे हे गोड चित्र आहे, खरा गाडीवान एवढा दक्ष नव्हता, असे म्हणता येईल. खरोखरच नव्हता. सुतार-लोहार गावचे बलुतेदार. वर्षाच्या धान्यावर काम करणाऱ्याला हे काम आजच उरकले पाहिजे अशी निकड नसे. कर्नाटकात आयगारांची व्यवस्था याच धर्तीची. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये ‘गावगाडा’ लिहिला तेव्हा या व्यवस्थेतले ढिलेपण, बलुतेदारांची टाळाटाळ आणि कसबाची घसरण त्यांनी लपवून ठेवली नाही. चाके निखळत होती, आस मोडत होते, माणसे आणि बैल जखमी होत होते. म्हणूनच माझा युक्तिवाद गाडीवानाच्या सद्‌गुणांवर उभा नाही. आळशी गाडीवानाच्याही डोळ्यांसमोर खीळ येत होती, कारण ती उघडी होती आणि वंगणाची वाट तिच्यातून जात होती. व्हॅनमध्ये बेअरिंगच्या आत ग्रीस भरलेले, वर पत्र्याचे टोपण, त्यावर चाकाची नक्षीदार थाळी. हजारो किलोमीटर तिकडे पाहण्याचे कारणच पडत नाही. वंगण आणि तपासणी यांची गाठ सुटली, आणि तिच्या जागी दुसरी कोणतीही गाठ कोणी मारली नाही. दोष माणसाच्या स्वभावापेक्षा रचनेच्या या बदलात आहे. आणि रचनेतला दोष स्वभावातल्या दोषापेक्षा दुरुस्त करायला सोपा असतो.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट पैशाची. बलुत्याच्या व्यवस्थेत एकदा दुरुस्त केलेले चाक पुन्हा बिघडले तर कारागिराला ते पुन्हा फुकट पाहावे लागे, गाव तेच, कारागीर तोच. रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये मोबदला कामागणिक मिळतो, गिऱ्हाईक घाईत असते, आणि जुन्या व्हॅनवर खर्च करायची तयारी मालकाची नसते, कारण गाडीची किंमतच उतरलेली असते. अशा ठिकाणी ड्रम उतरवून टोक पाहण्याचे पैसे मागणारा मेकॅनिक महाग ठरतो आणि पाना मारून सोडणारा स्वस्त. मेकॅनिकला पिनेचे महत्त्व माहीत नाही असे मी म्हणत नाही, त्याला ते आपल्याहून चांगले माहीत आहे. ते काम करवून घेणारा मालक आणि त्याचे पैसे देणारा प्रवासी यांना ते माहीत नाही. म्हणून मेकॅनिकला दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. बैलगाडीच्या खिळीची माहिती लोहारापुरती नव्हती, ती गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला होती. मुलाबाळांनाही कथेतून होती. पिनेची माहिती मात्र गॅरेजच्या उंबऱ्याच्या आतच राहिली.

टी. नरसीपूरच्या नरसिंहाचे नाव गुंजा नरसिंह. मूर्तीच्या हातात गुंजेचे बी आहे, आणि हे क्षेत्र काशीहून एका गुंजेच्या वजनाने भारी आहे अशी तिथली श्रद्धा आहे. त्या देवळाकडे, संगमाकडे, सोमनाथपूरला, तळकाडला भाड्याच्या जुन्या व्हॅनमधून आजही माणसे जातात, मागच्या बाकावर म्हातारी आणि मुले दाटीने बसवून. त्या व्हॅनच्या मालकांना आणि चालकांना माझी विनंती आहे: गाडी सर्व्हिसला द्याल तेव्हा मागच्या दोन्ही चाकांची टोपणे स्वतःसमोर काढायला लावा, नटाच्या खाचेतली पिन डोळ्यांनी पाहा, आणि ती एकदा काढली की तिच्या जागी नवी घालून घ्या.